बाबांची १९७६ची फियाट: रंगाआधी पत्रा कुठपर्यंत सोलायचा? (नागपूर) मदत हवी आहे

नमस्कार. बाबांची १९७६ची प्रीमियर पद्मिनी (घरात तिला कायम फियाटच म्हटलं) पुन्हा रंगवायची आहे. इंजिन ठणठणीत आहे, गेल्या हिवाळ्यात रामटेकला जाऊन आलो. अडचण पत्र्याची आहे. आज १८ मे, म्हणजे पावसाला जेमतेम महिना राहिला, आणि दोन कारागिरांनी मला अगदी उलट सल्ले दिले आहेत.

सहा वर्षांपूर्वी एका गॅरेजात पूर्ण रंग करून घेतला होता. गाडी घरी आली तेव्हा बोनेटमध्ये समोरच्या घराची गॅलरी दिसत होती. दुसऱ्याच पावसाळ्यात मागच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेला साबुदाण्याएवढे फोड आले. एक नखाने दाबला तर पापुद्रा सुटला आणि आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. आता चारही दारांच्या खाली आणि डाव्या मागच्या मडगार्डवर तेच आहे. खर्चापेक्षा जास्त वाईट वाटलं ते बाबांचं. ते रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसायचे. फोड आल्यावर त्यांनी पुसणं सोडलं.

या वेळी आधी मीच तपासलं. फ्रिजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून सगळ्या गाडीवर फिरवला. छतावर, बोनेटवर टकदिशी चिकटतो. दारांच्या खालच्या चार बोटांत मात्र धरतच नाही, सरळ घसरतो. मग तिथे पॉलिश पेपरने तळहाताएवढी जागा घासून बघितली. कडेला थर उघडे पडले: वर पांढरा, त्याखाली करडा प्रायमर, मग दोन रुपयांच्या नाण्याहून जाड पिवळट पुट्टी, त्याखाली निळा आणि सगळ्यात तळाशी कंपनीचा फिकट हिरवा. म्हणजे पुट्टी जुन्या रंगावरच थापली होती, पत्र्यापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. तो हिरवा बघून बाबा बराच वेळ तिथेच उकिडवे बसून होते. त्यांना तोच रंग हवा आहे.

वाडीकडचे एक जुने पेंटर म्हणतात, फोड आहेत तेवढंच खरवडू, पुट्टी, सरफेसर (रंगाखालचा घासून सपाट करायचा थर), रंग, पंधरा दिवसांत गाडी देतो; सगळा पत्रा उघडा केला तर पावसात गंजेल. हिंगण्याकडचा दुसरा वर्कशॉपवाला म्हणतो, अख्खी बॉडी सँड ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करा, त्याशिवाय हात लावणार नाही. पहिल्यांचा हात चांगला आहे, त्यांनी केलेली एक जीप मी पाहिली आहे. पण तीच चूक पुन्हा व्हायला नको. कुठपर्यंत सोलायचं, आणि पावसाआधी काय उरकायचं, काय ठेवायचं? ज्यांनी स्वतः जुनी गाडी केली आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, अख्ख्या बॉडीला वाळूचा मारा अजिबात नको. बोनेट, छत, दारं हे मोठे सपाट पत्रे आहेत. जोरात मारलेल्या वाळूने ते ताणले जातात, लाटा येतात आणि त्या लाटा लपवायला पुन्हा पुट्टीच लागते. ब्लास्टिंग चाकांच्या रिमला, जाड ब्रॅकेटला, हात पोचत नाही अशा कोपऱ्यांना ठेवा. मोठ्या पत्र्यांचा रंग रिमूव्हर आणि स्क्रॅपरनेच काढा. रिमूव्हर उघड्यावर वापरा, हातात रबरी मोजे घाला. खालचे जुने थर कोरडे घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

तुमच्या पेंटरची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. म्हणून एका वेळी एकच भाग घ्यायचा. सकाळी सोलला, गंज घासला, थिनरने दोनदा पुसला की त्याच दिवशी दोन डब्यांचा (हार्डनर मिसळून लावायचा) एपॉक्सी प्रायमर. पुसल्यावर उघड्या हाताने शिवायचं नाही, गंजाला घामातलं मीठही पुरतं. गंज मारायला फॉस्फरिक ॲसिडवालं औषध वापरलंत तर ते पूर्ण धुऊन वाळवा, ॲसिड राहिलं तर एपॉक्सी धरत नाही.

पुट्टी एपॉक्सीच्या वर. आधी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने एपॉक्सी खरखरीत करायचा, मग पुट्टी. हा क्रम बहुतेक गॅरेजांत उलटा असतो आणि वाद होतो, पण यावर अडून राहा. पुट्टी स्पंजसारखी असते. पत्र्यावर लावून वर पाणी पेपर (पाणी लावून घासायचा) चालवला की पाणी आत जातं, वरून रंग बसतो आणि ते पाणी तिथेच राहतं. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची: ८०, मग १२०, मग १८०, आणि लाकडी ठोकळ्यावर, नुसत्या बोटांनी घासली की बोटांच्या नाल्या पडतात. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुट्टी लागत असेल तर ते काम डेंटरचं (पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याचं) आहे, पेंटरचं नाही. सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घासा. खड्ड्यात काळं उरतं, उंचवटा आधी उघडा पडतो. डोळ्याला न दिसणारं सगळं तिथे दिसतं.

प्रतिसाद, नागपूरहून

ताई, मी पण इथलाच. माझी जुनी स्कूटर मी मे महिन्यातच केली होती, म्हणून सांगून राहिलो. आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत डब्यावरची वेळ धरू नका. पुट्टीत हार्डनर घातलं की चार-पाच मिनिटांत गोळा होऊन जाते. अर्धा चमचा मिसळा, लावा, पुन्हा मिसळा. फवाऱ्याचं काम सकाळी नऊच्या आत उरकायचं. दुपारी थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकते अन् रंग रव्यासारखा बसते. थिनर सावकाश उडणारा मागा, दुकानदाराला उन्हाळ्याचा म्हटलं की समजते. फवाऱ्याआधी जमिनीवर पाणी मारून घ्या. कोराडीच्या वीजकेंद्राची राख अन् रस्त्याची धूळ दोन्ही बसते.

शेवटचा रंग आता करूच नका, हे मी हात जोडून सांगतो. गाडी एपॉक्सीत ठेवा, सावलीत, कापडाखाली. दिवाळीनंतरची कोरडी थंड हवा रंगाला सगळ्यात चांगली. पण पावसाळाभर सरफेसरवर ठेवू नका. सरफेसर दमटपणा ओढते, एपॉक्सी अडवते. उन्हात मात्र एपॉक्सी भुकटी धरते, म्हणून सावली. नोव्हेंबरात त्यावर परत पेपर मारून पुढचा थर, कारण पुढच्या थराची डब्यावरची मुदत गेली की नवा थर नुसता चिकटत नाही. अन् पीयू (पॉलीयुरेथेन) रंग मारताना नाकाला रुमाल बांधून भागत नाही. त्याच्या हार्डनरने दमा लागते. पेंटरभाऊ ऐकणार नाहीत, तरी सांगा.

एक अजून: कोणी डॅशबोर्डला चमकवायचं सिलिकॉनवालं पॉलिश लावत असेल तर ते आजपासून बंद. त्याच्या एका थेंबानं रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

वरच्या दोघांशी सहमत, फक्त फुटबोर्डाबद्दल (दारांखालची पट्टी) बोलतो. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, फुटबोर्ड, खांब मिळूनच सांगाडा होतो. खालचा पत्रा सडला असेल आणि दारं काढून, गाडी मधोमध जॅकवर उचलून तो कापला तर बॉडी मधून खचते, नंतर दारं बसत नाहीत. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगने टाचून घ्या, एका वेळी एकच बाजू करा, आणि मध्ये मध्ये दार लावून चारही कडांची फट बघत राहा. ही फट रंगाच्या आधीच सरळ व्हायला हवी. आणि आर.सी. बुकात रंग कोणता लिहिला आहे ते बघा. वेगळा असेल तर आधी आर.टी.ओ.त नोंद.

धागाकर्ती, २ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. बुकात अजून हिरवाच लिहिलेला आहे, निळा आणि पांढरा त्यात कधी नोंदवलेच नव्हते. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते उठून बुक दोनदा वाचून आले.

पेंटरकाकांना पुण्याच्या दादांचा क्रम समजावला. आधी नाही म्हणाले. मग मी म्हटलं, एकच दार माझ्या पद्धतीने करा, पैसे वेगळे देते. फोड आलेलं मागचं उजवं दार घेतलं. आतली गादी काढून बॅटरी मारली तर खरं कारण तिथे होतं. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते जायला खाली तीन बारीक भोकं असतात. तिन्ही मागच्या रंगाच्या वेळी पुट्टीने बुजलेली. वर आमच्या अंगणातल्या कडुनिंबाची पानं कुजून काळा चिखल झालेला, वीतभर लांब. दार सहा वर्षं पाण्यात उभं होतं आणि पत्रा आतून बाहेर सडत आला होता. बाहेरून कितीही चांगला रंग मारला असता तरी फोड येणारच होते. काकांनी चिखल बोटावर घेऊन बघितला, काही बोलले नाहीत, आणि स्वतःच बाकीच्या तीन दारांच्या गाद्या काढायला घेतल्या.

ते दार आता सोलून एपॉक्सीत आहे. भोकं मोकळी केली, तार घालून बघितली. पावसाआधी दारं आणि डावं मडगार्ड एवढंच करू, बोनेट आणि छत पांढऱ्या रंगातच राहू दे, तिथे पत्रा चांगला आहे. हिरवा रंग नोव्हेंबरात.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. मागच्या उजव्या दाराची खालची चार बोटांची पट्टी कापावी लागणार आहे आणि ती दुमडीसकट हाताने वळवून देणारा डेंटर हवा आहे. नागपुरात किंवा कामठी रस्त्यावर असं जुनं काम करणारं कुणी असेल तर फक्त भाग सांगा, मी शोधून काढीन. आणि दाराच्या आतून, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे काय सोडायचं? काका जुनं इंजिन ऑइल म्हणतात. पण ते भोकांतून गळून कडेवर आलं तर नोव्हेंबरच्या रंगाला तेल लागेल ना? त्याऐवजी आतून मेणाचा फवारा मारला तर तो रंगानंतर मारायचा की आधी?