जागतिक राजकारण पोरांना कुठून शिकवायला घ्यावं?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. गावात अभ्यासिका चालवतो. रात्री दहा-बारा पोरं-पोरी बसतात, बहुतेक एमपीएससीवाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं. आमचा कापूस अजून पात्या-फुलांवर होता. एका पोरीनं विचारलं, "सर, जगात नियम म्हणून काही हाय का नाही?" तो प्रश्न डोक्यातून जात नाही. पोरं यूट्यूबवर बघायलेत, पण तिथं कोण जिंकलं नि कोण हरलं एवढंच. काय वाचायला देऊ? मराठीत असेल तर बरं.

लातूरचा वाचक:
सर, संयुक्त राष्ट्रांची १९४५ ची सनद घ्या. सगळी १११ कलमं नकोत. कलम २(४) म्हणतं, दुसऱ्या देशावर बळ वापरू नका. कलम २७ नं सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांना नकाराधिकार दिला. ही दोन शेजारी-शेजारी वाचून घ्या. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याविरोधातला परिषदेतला ठराव रशियानं त्याच अधिकारानं एकट्यानं पाडला. २ मार्चला आमसभेत १४१ देश ठरावाच्या बाजूनं, ५ विरोधात, ३५ तटस्थ. तटस्थांत भारत. का, यावर पोरांना तासभर भांडू द्या. मराठीत बालभारतीचं बारावीचं राज्यशास्त्र आहेच, १९९१ नंतरच्या जगावर त्यात धडा आहे.

अंबाजोगाईहून:
सनदेनं सुरुवात केली तर पोरं कंटाळतील. उसापासून धरा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या ऊस-साखरेच्या सरकारी मदतीविरुद्ध तक्रार केली. त्यात आपली एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दरसुद्धा होता! पैसे कारखाना देतो, सरकार नाही, हे भारताचं म्हणणं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला, मदतीनं उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणून. भारतानं अपील केलं, पण अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडलेलं. म्हणजे नियम आहे, निकाल आहे, पण अपील ऐकायला कुणी नाही. त्या पोरीला हेच दाखवा. आणि हेही सांगा, की निकाल अपिलात अडकला, म्हणजे या वेळी त्या बंद दाराचा फायदा आपल्याला झाला. ते लपवू नका. वाद क्रमांक ५७९, संघटनेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आहे.

परभणीकर:
हे मनाला पटलं. ज्यांच्या घरी ऊस हाय त्यांना उद्या कारखान्याची बिलाची पावती आणायला सांगतो. त्यानंतर कलम २७. सनदेचं चांगलं मराठी भाषांतर कुणाकडं असेल तर कळवा, झेरॉक्सचा खर्च मी करतो.