७० टक्के पाठिंबा असला तरी
काही जण म्हणतात की अमेरिकेत ७० टक्के लोक गांजा कायदेशीर करायच्या बाजूने आहेत, तेव्हा प्रश्न मिटल्यात जमा आहे. इतकं सरळ नाही ते. आकडा २०२३ पुरता खरा आहे: गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९६९ साली १२ टक्के होते, २०२३ मध्ये ७०. पण तिथे प्रश्न फक्त हो की नाही एवढाच असतो. प्यू या दुसऱ्या पाहणी संस्थेने २०२४ मध्ये 'फक्त औषधासाठी' हा तिसरा पर्याय दिला, तर ३२ टक्के तिकडे गेले आणि सरसकट परवानगीला ५७ उरले. मतं फिरतात ती या मधल्या गटाची, म्हणून पाहणी वाचताना आधी पर्याय बघावेत.

दुसरी अडचण मतपेटीची. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये साधारण ५६ टक्के मतं बाजूने पडली, तरी गांजा कायदेशीर करायचा प्रस्ताव आपटला. तो राज्याच्या घटनेतल्या दुरुस्तीचा होता, आणि तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. बहुमत असून हरणं ते हेच.

आणि मंजुरीनंतर लोकांचं मत टिकतं की नाही, हे बारीक नियमांवर ठरतं. गांजा घातलेल्या खाण्याच्या पदार्थांचंच घ्या. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला अर्ध्या ते दोन तासांनी. काहीच होत नाही म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि रात्री दवाखान्यात पोहोचतो. म्हणून कोलोरॅडोत एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) चालतं, पाकिटात १००. कॅनडात अख्ख्या पाकिटालाच १० ची मर्यादा आहे, आणि मला तीच जास्त शहाणपणाची वाटते.