'मुजरा' हा शब्द आपण टाळावा का?

कोरा कागद (धागाकर्ता):
शिवजयंतीच्या एका कार्यक्रमाची पत्रिका मी नुकतीच लिहून दिली. 'महाराजांना मानाचा मुजरा' ही तिची पहिली ओळ होती. आयोजकांपैकी एका हिंदीभाषक गृहस्थांनी ती वाचून संकोचाने विचारले, की महाराजांच्या नावाशेजारी हा शब्द बरा दिसतो का. कारण हिंदीत मुजरा म्हटले की कोठा आणि नाचगाणे हेच डोळ्यांसमोर येते. मी वाद न घालता 'त्रिवार वंदन' असा बदल केला, आणि तेच योग्य झाले असे मला वाटते. पत्रिका आता मोबाइलवरून कोठेही पोहोचते. ज्या शब्दाचा खुलासा सतत करावा लागतो, तो आदराच्या पहिल्याच ओळीत कशाला हवा?

दौत-टाक:
आपला निर्णय मला मुळीच पटला नाही. मुजरा म्हणजे अदबीने केलेले अभिवादन, हा अर्थ हिंदी-उर्दूतही होताच. यजमानापुढे अदबीने सादर होणाऱ्या गाण्याला तेच नाव पुढे चिकटले आणि चित्रपटांनी ते घट्ट केले. राजस्थानात आजही थोरामोठ्यांना 'मुजरो' म्हणतात. शब्द अरबी असून 'वाहणे, चालू होणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. जुन्या हिशेबी मराठीत 'रक्कम मुजरा देणे' म्हणजे ती देण्यातून वजा धरणे. चाकराची हजेरी धन्यापुढे रुजू होणे आणि रक्कम खात्यात रुजू होणे, या एकाच कल्पनेच्या दोन फांद्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. (तर्कच आहे, कोणी कोश काढून मारू नये.) तमाशातही गण, गौळण, वग यांच्या जोडीला मुजरा असतो. राहिला प्रश्न शेजारच्या भाषेचा. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. म्हणून हिंदीने 'शिक्षा मंत्री' म्हणणे सोडले आहे काय?

उंबरठा:
आपण दोघेही शब्दाकडे पाहत आहात, त्यामागच्या देहाकडे नाही. कमरेत वाकून, उजवा हात खाली नेऊन कपाळाशी आणायचा, आणि तेही तीनदा, ही दरबारी चाकराची कृती आहे. अकबराच्या कारभारावरच्या 'ऐन-इ-अकबरी' या ग्रंथात कुर्निश आणि तस्लीम या दोन दरबारी अभिवादनांचे वर्णन आहे. तस्लीममध्ये उजव्या हाताची पालथी बाजू जमिनीला टेकवायची आणि सावकाश उभे राहत तळवा डोक्यावर ठेवायचा. त्याच कुर्निशाचा मराठीत 'कुर्निसात' झाला आणि आज आपण तो बहुधा लाचारीला हिणवण्यासाठी वापरतो. मुजरा आणि कुर्निसात, एकाच दरबारातले हे दोन शब्द. मग एक मानाचा आणि दुसरा लाजेचा कसा ठरला? 'जोहार' आठवून पाहा. 'जोहार मायबाप जोहार' या चोखोबांच्या अभंगात तो आर्त वाटतो. पण गावगाड्यात महारांनी वरच्यांना जोहारच घालावा अशी रीत होती, आणि त्या समाजाने तो टाकून 'जय भीम' स्वीकारला. कोण कोणापुढे वाकले, हे असे शब्द विसरत नाहीत. राजाला मुजरा शोभतो, हे मला मान्य आहे. परंतु शतक ठोकणारा फलंदाज, निवृत्त मुख्याध्यापक, निवडून आलेला नगरसेवक, सर्वांनाच 'मानाचा मुजरा' घालणारे फलक पाहिले की आपण नागरिक आहोत की दरबारी, असा प्रश्न मला पडतो.

कोरा कागद:
नगरसेवकाचा मुद्दा मान्य आहे. दौत-टाक यांना मात्र एकच विचारतो: महाराजांनी स्वतः राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तर 'वंदन' त्यांना अधिक जवळचे नव्हे काय?

दौत-टाक:
तो कोश राज्यकारभाराच्या परिभाषेसाठी होता. त्यानंतरही लोकांच्या तोंडी 'सरदार', 'किल्ला' आणि 'मुजरा' टिकलेच. जो शब्द मराठीने साडेतीन शतके महाराजांसाठी राखला, तो परका कसा? शिवाय मला सांगा, आपल्या कार्यक्रमात मावळ्याच्या वेशातला मुलगा पुतळ्यापुढे येऊन तीनदा वाकेल, तेव्हा सूत्रसंचालक काय म्हणणार आहेत?

कोरा कागद:
ते 'मुजरा'च म्हणतील, कारण त्या कृतीला दुसरे नाव नाही. पत्रिकेतील ओळ मात्र मी आता बदलणार नाही. ती छापायला गेली आहे.

उंबरठा:
मग निदान पाहुण्यांच्या सत्कारात तरी तो शब्द येऊ देऊ नका.