इंग्रजी–ख्मेर शब्दकोश कोणता घ्यावा? ('वेटो'वर अडलंय)

गोधडी: कंबोडियात नॉम पेन्हला कपड्यांच्या कारखान्यात रुजू होऊन चार महिने झाले. भागीदारीच्या करारात 'वेटो' आलाय, तो इथल्या सहकाऱ्यांना नीट समजावायचाय. इथली भाषा ख्मेर, तेव्हा छापील इंग्रजी–ख्मेर कोश सुचवा. बजेट २,००० रुपये. अ‍ॅप नको.

जुनीपुस्तकं: हेडलीचा कोश घ्या. पैशाकडे बघू नका. माझ्याकडे १९७७ चे दोन्ही खंड आहेत, आजही रोज उघडतो.

पेठकर: अहो, तो ख्मेर–इंग्रजी आहे, यांना उलटा हवाय. हफमन–प्रूम आहे, येल विद्यापीठाचा, १९७८ चा. पण इतका जुना घेऊ नका.

दुभाषी: चुओन नाथचा कोश मोबाईलवर टाका.

पेठकर: तो ख्मेर–ख्मेर. आणि अ‍ॅप नको म्हणालेत ना त्या!

सांगलीकर: मोबाईलच्या भाषांतरावर तर अजिबात विसंबू नका. माझ्या एका पत्रात 'वेटो'चा नुसता 'विरोध' झाला होता. विरोध कोणीही करतो, वेटोने ठराव पडतो. १५ जानेवारी १९७९ ला सुरक्षा परिषदेत कंबोडियातून परकी सैन्य हटवण्याच्या ठरावाला १३ मतं मिळाली, तरी सोव्हिएत वेटोने तो पडला. तिथल्यांना हेच उदाहरण द्या.

वकीलबाई: मराठीत 'नकाराधिकार' म्हणा, 'विशेषाधिकार' नव्हे. मूळ लॅटिन, 'मी मनाई करतो'.

दुभाषी: ख्मेरमध्ये 'सित्थि वेतो' म्हणतात. 'सित्थि' म्हणजे हक्क. अक्षरं बघाल तर आपलं 'सिद्धि'च, ध द च्या खाली लिहिलेला. वर्णमालाही क ख ग घ ङ याच क्रमाने, त्यामुळे ख्मेर कोशात शब्द शोधणं आपल्याला सोपं जातं. त्रास एकच, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला तेच आधी कळत नाही.

जुनीपुस्तकं: म्हणूनच हेडली.

गोधडी: सगळ्यांचे आभार. जुना हफमन–प्रूमच मागवलाय, बजेटच्या थोडा वर गेला. 'सिद्धि' वाचल्यापासून लिपी शिकायचीच असं ठरवलंय, आणि त्यासाठी हातात पुस्तक हवं. करारात 'सित्थि वेतो'च ठेवतेय, खाली ख्मेरमध्ये एक ओळ घालून: एका भागीदाराने नाही म्हटलं, तर बाकी सगळे हो म्हणाले तरी निर्णय होणार नाही.

वकीलबाई: ती ओळ सोडू नका. कोणकोणत्या निर्णयांना लागू, तेही तिथेच लिहा.

जुनीपुस्तकं: हेडली घ्यायला हवा होता.