नॉर्वेतल्या मुक्कामाविषयी

परदेशात राहणाऱ्या जोडप्याला रानात मुक्काम करायचा तर आधी महागडी कॅम्पसाइट आरक्षित करावीच लागते, हे वरच्या प्रतिसादातले मत अनेक देशांपुरते खरे असले तरी नॉर्वेला लागू होत नाही. तिथे १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात हिंडण्याचा हक्क सर्वांनाच दिला आहे. वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर अंतर राखले, तर एका जागी दोन रात्री तंबू ठोकायला परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. उंच डोंगरात, वस्तीपासून फार दूर, ही दोन रात्रींची मर्यादाही नसते.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे साल्हेर-हरिहरच्या सवयीने तीन दगडांची चूल मांडण्याचाच बेत होता. परंतु जंगलात किंवा त्यालगत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर उघड्यावर आग पेटवण्यास बंदी असते, हे शेजाऱ्यांनी निघण्यापूर्वीच बजावले. मग ओढ्याकाठच्या उघड्या खडकावर, यांनी चटई आडवी धरून वारा अडवायचा आणि मी गॅसच्या छोट्या शेगडीवर पिठले हाटायचे, अशी वाटणी ठरली (गुठळ्या व्हायच्याच, पण तक्रार कोण करणार?).