टाकी भरल्याचा गजर: दोन ट्रान्झिस्टर पुरेत, की ईएसपी-३२ हवाच?

वर्तकनगरकर
आमची ठाण्यातली सोसायटी तळमजला अधिक सात. गच्चीवरची टाकी भरून वाहते, पाणी भिंतीवरून खाली येतं आणि पंप चालूच. मीटिंगमध्ये विषय निघाला. चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने लगेच योजना मांडली: गच्चीवर ईएसपी-३२ (कोड लिहून चालवायचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या इकोवरून पातळी मोजणारा), वायफाय आणि टाकी भरली की कमिटीतल्या सगळ्यांना मोबाइलवर मेसेज. सगळे खूश.

मी म्हटलं, अरे बाबा, पाणी वर आलं की खाली वॉचमनच्या केबिनमध्ये बझर वाजायला हवा, काम एवढंच आहे. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, एक बझर आणि टाकीत स्टीलच्या दोन सळया; पाणी दोन्हींना टेकलं की करंट वाहतो. सर्किट केबिनमध्येच राहील, वर फक्त तारा जातील.

माझं मत उघड सांगतो. अर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघाला, चांगलंच झालं. पण आता साधा एलईडी लुकलुकवायचा तरी पोरं मायक्रोकंट्रोलर काढतात. ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर कशाशी खातात ते माहीत नाही आणि गप्पा आयओटीच्या, इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही टायमर आयसी अजून धडधाकट आहे, तिला विचारतो कोण? बोला आता.

नेरुळचा नोड
बोलतो. काका, तुमचं सर्किट टेबलावर झकास चालेल. जुलैत गच्चीवर चालवून दाखवा. दोन ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन जोडले (पहिल्याचा करंट दुसऱ्याच्या बेसला) की गेन, म्हणजे करंट जितक्या पट वाढतो तो आकडा, हजारोंच्या घरात जातो. वरच्या जॉइंटवर जरा ओल धरली की तेवढ्या गळतीवर बझर बोंबलणार, तेही टाकी रिकामी असताना, मध्यरात्री. दोन दिवसांत वॉचमन वायरच उपटून ठेवेल.

दुसरं, पाण्यातून डीसी नेलं की पॉझिटिव्ह सळई हळूहळू खाल्ली जाते. मायक्रोकंट्रोलरमध्ये दर दहा सेकंदांनी काही मिलिसेकंदच व्होल्टेज द्यायचं आणि दर वेळी पोलॅरिटी उलटायची. कोडच्या चार ओळी. बोर्ड चारशेच्या आसपास मिळतो. दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड पालथा घाला, यात कसली आली काटकसर?

वर्तकनगरकर
ओलीवर इलाज एका रेझिस्टरचा आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला ४७ के (किलोओहम) लावा. सप्लाय ९ व्होल्ट. ओलीची गळती १ मेगओहम धरली तर बेसवर ०.४ व्होल्ट येतात. डार्लिंग्टनला सुरू व्हायला १.३ च्या आसपास लागतात, म्हणजे बझर गप्प. पाण्यातून सळयांमध्ये वीसेक के मिळाले, तर डिव्हायडरच्या (दोन रेझिस्टन्समध्ये व्होल्टेज वाटलं जाण्याच्या) हिशेबाने सहा व्होल्ट. ट्रान्झिस्टर ठाम चालू.

सळई खाल्ली जाते खरी, पण करंट वाहतो कधी? पाणी वरच्या सळईला टेकलं तेवढाच वेळ. आणि त्यातही एसी हवंच असेल तर ५५५ चं आउटपुट कपॅसिटरमधून सळईला द्या, डीसी तिथेच अडतं. नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम १८३० नावाची आयसी नेमकी याच कामाची होती, पाण्यातून एसी पाठवणारी. आता बंद झाली. तिच्यात कोडची एकही ओळ नव्हती.

कोपरखैरणेची बाई
टाकीचं तुम्ही दोघं बघा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला ‘पोरं बेस-एमिटर न शिकता पुढे जातात’ या वाक्याशी भांडायचं आहे. सुरुवातीलाच फळ्यावर ट्रान्झिस्टरची कॅरेक्टरिस्टिक्स काढली की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो. त्याच मुलांना अर्डुइनोच्या ऊनो बोर्डावर एलईडी लावू द्या. मग त्यांना पंखा चालवायचा असतो, आणि कोणीतरी रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल सरळ पिनला जोडतो. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. ऊनोच्या पिनला २० पर्यंत ठीक, ४० ही कमाल मर्यादा. रिले नुसता कुरकुरतो. त्या क्षणी ट्रान्झिस्टर हवासा वाटतो, कॉइलवरचा उलटा डायोड कशासाठी तेही विचारलं जातं. खालून वर शिकलं तरच खरं, हा हट्ट तुमच्या पिढीचा आहे, वर्तकनगरकर.

वर्तकनगरकर
मॅडम, तुमच्या वर्गात तो प्रश्न विचारला जातो, कारण तिथे तुम्ही असता. घरी यूट्यूब बघून करणारा पोरगा तयार रिले मोड्यूल आणतो. त्यावर ट्रान्झिस्टर आणि डायोड आधीच बसवलेले. प्रश्न पडायचं कारणच उरत नाही.

कोपरखैरणेची बाई
तुम्ही पंख्याचा रेग्युलेटर उघडून बघितला होता का कधी, पहिल्यांदा बटण फिरवण्याआधी? 🙂

खारीगाव लोकल
मला त्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाची काळजी वाटते. अल्ट्रासॉनिकमध्ये उघड्या डोळ्यांचा एचसी-एसआर०४ टाकीच्या वाफेत गंजतो. म्हणून लोक वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर०४टी घेतात. त्याला जवळच्या वीसेक सेंटीमीटरमधलं दिसतच नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरली की साहेब आंधळे! सेन्सर झाकणाच्या वर पाइपाचा तुकडा लावून उचलावा लागतो.

त्याहून मोठी गोम सप्लायची. तळमजल्यावरून ५ व्होल्ट लॅन केबलच्या एका जोडीतून वर नेणार असाल तर गणित करा. तार २५ मीटर, जाऊन-येऊन ५०, रेझिस्टन्स चारेक ओहम. वायफाय पाठवताना ईएसपी ३०० मिलिअँपिअर सहज ओढतो. सव्वा व्होल्ट तारेतच गेले, बोर्डाला पावणेचारच्या आसपास उरले. त्यावरच्या एएमएस १११७ रेग्युलेटरला ३.३ काढायला साडेचारच्या आसपास हवेत. मग ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडणं), रीसेट, पुन्हा वायफाय, पुन्हा रीसेट. आणि पोरगा रात्रभर कोडमध्ये बग शोधत बसणार.

नेरुळचा नोड
१२ व्होल्ट वर न्या, तिथे व्होल्टेज खाली आणणारा बक कन्व्हर्टर लावा, प्रश्न संपला. अडचणी सगळ्यालाच असतात. पण माझ्या एका मुद्द्याला कोणी हात लावत नाहीये. काकांची तार सहाव्या मजल्यावर उंदराने कुरतडली तर? भोंगा गप्प. टाकी वाहते, भोंगा गप्प, सगळ्यांना वाटतं आलबेल आहे. ईएसपी दर पाच मिनिटांनी ‘मी जिवंत आहे’ असा मेसेज पाठवू शकतो. तो आला नाही की कळतं. ट्रान्झिस्टर मेला तर कळवणार कोण?

रबाळे मेंटेनन्स
इतका वेळ वाचत होतो. कामाचा प्रश्न आता आला. एमआयडीसीतल्या कुठल्याही प्लँटमध्ये हा प्रश्न असा सोडवतात: पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच असा घ्यायचा की एरवी कॉन्टॅक्ट बंद, टाकी भरली की उघडा. करंट कायम तारेतून फिरत असतो. टाकी भरली तरी तो तुटतो आणि उंदराने तार खाल्ली तरी तुटतो. दोन्ही वेळा अलार्म. सळया नकोत, गंज नको, इको नको. त्या कॉन्टॅक्टमागे ट्रान्झिस्टर लावा नाहीतर ईएसपी, मला फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढे. उद्या कोणीतरी म्हणेल, ‘अलार्म कशाला, पंपच बंद करू.’ तेव्हा ते निळं रिले मोड्यूल पंपाच्या लाइनमध्ये घालू नका. त्यावर १० अँपिअर छापलेलं असतं ते हीटरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. कॉन्टॅक्ट चिकटले तर पंप थांबणारच नाही. छोट्या रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टरवर. आणि हे जोडायला लायसनवाला वायरमन बोलवा. २३० व्होल्टवर हौस नको.

वर्तकनगरकर
फ्लोटचं मान्य, सळया रद्द. उलट माझं सर्किट आणखी सोपं झालं. बेसला सप्लायकडून रेझिस्टर, फ्लोट बेसला ग्राउंडवर धरून ठेवतो. सर्किट तुटलं की ट्रान्झिस्टर चालू. आता तर एकच बीसी ५४७ पुरेल. ईएसपीची गरज कुठे उरली ते नेरुळकरांनी सांगावं.

नेरुळचा नोड
लाइट गेली की तुमचा तो एक बीसी ५४७ पण गप्पच की. आणि बझर वाजतोय, पण वॉचमन गेटवर टँकरवाल्याशी हुज्जत घालतोय, तेव्हा?

वर्तकनगरकर
लाइट गेली की पंपही बंद, टाकी कशाने भरणार? आणि दुसऱ्यासाठी मोठा भोंगा लावू.

खारीगाव लोकल
पहिल्या मजल्यावर कोण राहतं, त्यांना विचारलंत का आधी?