मदत हवी आहे: रिकामी गाडी पळते, भरलेला ट्रेलर बोरघाटात ओढत नाही

वडाळा_टर्मिनल

नमस्कार मंडळी. ४x२ घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक), १८० एचपी, सहा सिलिंडर कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल), बीएस ४, युरियावाली गाडी. मागे तीन एक्सलचा ट्रेलर. कंटेनर धरून एकूण वजन साधारण ३६ टन. मुंबई बंदर ते चाकण अशी फेरी असते.

रिकामी गाडी एकदम मोकळी चालते. भरलेली असली तरी वाशीचा खाडीपूल आणि कळंबोलीपर्यंत तक्रार नाही. खोपोली सोडून चढ लागला की दहा-बारा मिनिटं नीट ओढते, मग आडोशी बोगद्याच्या आसपास दम जातो. आरपीएम १६०० वरून ११०० वर येतो, पाय पूर्ण दाबूनही फरक पडत नाही. काळा धूर नाही, तापमानाचा काटा मध्यावर, युरियाचा दिवा बंद. बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा नीट ओढते, पण सात-आठ मिनिटंच.

डिझेलचे दोन्ही फिल्टर आणि एअर फिल्टर नवे टाकले. टर्बोच्या शाफ्टला प्ले (ढिलेपणा) नाही. मेकॅनिक आता हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर काढायचं म्हणतोय. खर्च मोठा आहे. त्याआधी काय काय बघून घेऊ?

बँजो_बोल्ट

दादा, पंपाला हात लावू देऊ नका. तुमच्या वर्णनात निदानाची अर्धी वाट आहे. झिजलेला पंप किंवा गळका इंजेक्टर पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन सहसा बरा होत नाही. थांबल्यावर बरं होणारं दुखणं बहुतेक वेळा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या ओढीच्या बाजूला असतं. टाकीतला कचरा किंवा गाळ सक्शन पाईपच्या जाळीला येऊन चिकटतो. लोडला इंजिन जास्त डिझेल ओढतं तसा तो घट्ट बसतो. इंजिन बंद केलं की ओढ सुटते आणि कचरा पुन्हा खाली बसतो. रिकाम्या गाडीला डिझेलच कमी लागतं, म्हणून तेव्हा काही कळत नाही.

याच क्रमाने बघा.

पहिलं, टाकीचा ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा यायची वाट. दम गेला की गाडी सुरक्षित जागी घ्या, चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा, त्रिकोण ठेवा आणि टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा जोराचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच ओढायला लागली, तर ब्रीदर चोंदलाय. खर्च जवळजवळ शून्य.

दुसरं, फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल होज घाला. इंजिन चालू ठेवून रेस द्या आणि होजकडे बघत राहा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. बारीक बुडबुड्यांची माळ सतत येत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय: बँजोचा (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) जुना तांब्याचा वॉशर, सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीचं रबर, हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा पंप) किंवा चेसिसला घासलेली लाईन. ओढीच्या बाजूची गळती बाहेर डिझेल टाकत नाही, हवा आत घेते. त्यामुळे "बाहेरून कोरडं आहे" म्हणजे ठीक आहे असं नाही.

तिसरं, त्याच जागी व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारं मीटर. फिल्टर नवे आहेत, तर पूर्ण लोडला ४ इंच मर्क्युरीच्या आत राहायला हवं. ८ च्या पुढे गेलं की अडथळा नक्की समजा. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

चौथं आणि सगळ्यात बोलकं, कॅन टेस्ट. २० लिटरचा स्वच्छ कॅन चेसिसला पक्का बांधा, केबिनमध्ये किंवा सायलेन्सरजवळ अजिबात नको. सक्शन आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारा), दोन्ही पाईप त्यातच सोडा. रिटर्न टाकीतच राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होईल. आता भरलेल्या गाडीने चढ घ्या. कॅनवर दम टिकला तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या लाईनमध्ये आहे, पंपावरचा संशय मिटला. कॅनवरही दम गेला तर मग रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा डिझेलचा दाब) बघायचं.

इंटरकुलर_होज

बँजो भाऊंशी सहमत, एक भर घालतो. "काळा धूर नाही, म्हणजे हवा पुरेशी आहे" असं इथे बरेच जण मानतात. जुन्या मेकॅनिकल पंपाला ते लागू होतं. कॉमन रेलमध्ये बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी दिसला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच डिझेल कापतो, त्यामुळे इंटरकुलरचा होज फाटलेला असूनही धूर न येता नुसती ताकद जाऊ शकते. म्हणून धुरावर विसंबू नका, स्कॅनर लावून चढाला तीन आकडे एकत्र रेकॉर्ड करा: बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर.

समजा ईसीयू १४०० बार मागतोय आणि मिळतायत ११००. म्हणजे डिझेल कमी पडतंय. दोन्ही आकडे जुळतायत पण बूस्ट कमी आहे, तर होज, क्लॅम्प, टर्बोचा वेस्टगेट (जादा दाब सोडणारी झडप), नाहीतर काजळी धरलेला बूस्ट सेन्सर. सगळंच जुळतंय तरी गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय किंवा मागे ब्रेक धरतोय.

होजच्या दोषात आणखी एक फरक असतो: ताकद चढाच्या पहिल्या मिनिटापासून कमी असते आणि थांबून सुधारत नाही. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून माझाही कौल टाकीकडेच. तरी खात्री करायची असेल तर इंटरकुलरची दोन्ही तोंडं बंद करून २ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. १५ सेकंदांत अर्धा बारपेक्षा जास्त उतरू नये.

आणि कोणीही चालू इंजिनवर रेलचा किंवा इंजेक्टरचा पाईप सैल करून "सिलिंडर कापून" बघू नका. जुन्या गाड्यांची ती सवय इथे घातक आहे. हजार बारच्या वरची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

स्लॅक_ॲडजस्टर

सगळे इंजिनकडे बघतायत, ट्रेलर कोणी पाहिला का? सपाटीला पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता चालवा, थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक ड्रम मोजा. हात लावून बघू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा दुप्पट गरम निघालं तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. ट्रेलरला हवा पुरवणाऱ्या लाल लाईनचं प्रेशरही बघून घ्या. ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक (हवा कमी झाली की स्प्रिंगने आपोआप लागणारे) असतील तर साधारण ५ बारच्या खाली ते पूर्ण सुटत नाहीत, आणि गाडी जड झाल्यासारखी वाटते.

वडाळा_टर्मिनल

सगळ्यांचे आभार, क्रमाने करून पाहिलं. झाकण उघडल्यावर आवाज नाही, ब्रीदर मोकळा. होजमध्ये बुडबुडे नाहीत. गेज चढाच्या सुरुवातीला ३ इंच, दम जाताना ११. कॅनवर अख्खा घाट एका दमात चढली.

टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत तासभर ठेवलं. खाली बोटभर पाणी, वर स्वच्छ डिझेल आणि मधोमध काळपट, शेवाळासारखा चिकट थर. सक्शन पाईप उपसला तर जाळीवर तोच थर, शिवाय अंगठ्याएवढा सिल्व्हर सीलचा (डब्याच्या तोंडावरच्या चंदेरी पत्र्याचा) तुकडा.

ड्रमही मोजले. पाच ७० ते ८० अंश, डावीकडचा मागचा १७५. टाकी कशी साफ करू? आणि या चाकाचं काय?

बँजो_बोल्ट

टाकी उतरवूनच साफ करा. वरून पाईप घालून गाळ काढला तर बॅफलच्या (टाकीच्या आतल्या आडव्या पडद्यांच्या) मागचा तसाच राहतो. फ्लोट युनिट (डिझेलची पातळी दाखवणारा भाग) काढा, पूर्ण रिकामी करा, स्वच्छ डिझेलने दोन-तीनदा खळबळून घ्या आणि हवेने वाळवा. पेट्रोल वापरू नका, आणि जवळपास वेल्डिंग चालू असेल तर काम थांबवा. टाकी ते सेपरेटर लाईन उलट्या दिशेने हवा मारून मोकळी करा. जाळी फाटली असेल तर नवी टाका. जाळीच काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुढचा तुकडा लाईनमध्ये अडकेल आणि शोधायला दुप्पट वेळ जाईल.

तो मधला थर जंतूंचा आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच ते वाढतात. मुंबईच्या पावसाळी हवेत गाडी बंदराच्या रांगेत अर्ध्या टाकीवर दिवसदिवस उभी असते, आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला जातं. रात्री उभी करायची तर टाकी भरून ठेवा. सेपरेटरचं पाणी पावसाळ्यात रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी सोडा, बाकी दिवसांत आठवड्याला. जंतुनाशक औषध टाकी साफ केल्यानंतरच घाला, आधी घातलंत तर सुटलेला सगळा थर फिल्टरवर येईल.

फिल्टर दोन्ही पुन्हा नवे. मेन फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका, ते न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. हँड प्रायमरने भरा, कडक होईपर्यंत मारा, मग स्टार्टर.

स्लॅक_ॲडजस्टर

चाकाचं सांगतो. सपाट जागी सगळ्या चाकांना ओट लावा, स्प्रिंग ब्रेक सोडवून घ्या. एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि ब्रेक चेंबरचा पुशरॉड (हवेने बाहेर येणारा दांडा) बाजूने बघा. सोडल्यावर तो झटकन मागे जायला हवा. हळू सरकत असेल तर क्लेव्हिस पिन (पुशरॉडच्या टोकाची जोडणारी पिन) काढा आणि एस-कॅम (ब्रेकचे लायनर पसरवणारा शाफ्ट) हाताने फिरवा. तो जड फिरला तर बुश जाम, आणि पावसात चालणाऱ्या ट्रेलरला बहुतेक वेळा हेच निघतं. कॅम मोकळा असेल तर ड्रम उतरवून लायनरच्या रिटर्न स्प्रिंग बघा. १७५ अंशांवर चाललेल्या हबचं ग्रीस पातळ होऊन गळलेलं असतं, म्हणून बेअरिंग धुऊन नवं ग्रीस आणि नवं ऑइल सील, हे त्याच वेळी करा.

वडाळा_टर्मिनल

टाकी उद्या उतरवतो. बुशच जाम होते, बदलले. साफ केल्यावर फिल्टर किती चालवू?

बँजो_बोल्ट

सेपरेटरचा फिल्टर पहिल्यांदा हजार किलोमीटरला काढा, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत थांबू नका. काढलेला फेकू नका, पत्रा कापून कागद उलगडा. काळपट चिकट दिसला तर टाकीत अजून गाळ आहे, पुन्हा हजारला बदला. कागद साधा पिवळसर असेल तर नेहमीच्या अंतरावर जा. व्हॅक्यूम गेज तेवढे दिवस जागेवरच राहू द्या, घाटात ३-४ इंचावर थांबलं की काम झालं.